एकेचाळिसाव्या घरचं विरजण

एकदा काय झालं, एका अख्ख्या गावाचं दही लागेना.

गावाचं नाव उतरणवाडी. घाटाच्या पायथ्याला वसलेलं, चाळीस घरांचं. घरोघरी म्हशी, शिंकाळ्यांत लोण्याची गाडगी. उतरणवाडीचं तूप थेट राजाच्या मुदपाकखान्यात जायचं म्हणे. राजा काही या गोष्टीत येणार नाही, बरं का. तो आपला तिकडे तूप खात बसलेला.

तर त्या गावात एक रीत होती. शेजारणीची वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही. तशी ही रीत सगळीकडेच असते, आपल्याकडेही आहे. पण उतरणवाडीत परत किती घालायचं तेही पक्कं होतं. शिगोशीग पोहे आले तर शिगोशीग पोहे जायचे. बोटभर कमी आले तर बोटभर कमी. म्हणजे दोन्ही घरांत आधी जेवढं होतं तेवढंच राहायचं, आणि दोन्ही घरं म्हणायची, आपल्या गावात माया किती.

त्या गावात भिवराबाईंच्या घरी नवी सून आली. तिचं नाव सगुणा. बोलायची कमी, बघायची फार. घरं ओळखीची व्हावीत म्हणून सासूबाईंनी तिला वाट्या पोचवायच्या कामाला लावलं. वाट्या नेता नेता सगुणाने घरं मोजली. चाळीस भरली. मग एका सकाळी ती माळ्यावर वैरण काढायला चढली आणि तिथून तिने चुलींचे धूर मोजले. ते एकेचाळीस निघाले.

"आत्याबाई," ती खाली येऊन म्हणाली, "घाटाच्या तोंडाशी तो कुणाचा धूर?"

"ती ठमा म्हातारी," भिवराबाई म्हणाल्या. "तिच्याकडे आपण वाटी पाठवत नाही. बिचारीकडे परत घालायला काही नसतं. उगाच लाज वाटायची तिला."

बारा वर्षं गावाने ठमा म्हातारीची अशी काळजी घेतली होती.

आता झालं काय, सगुणा आली त्याच महिन्यात दही बिघडलं. आज एका घरी लागलं नाही, उद्या दुसऱ्या. मग कुणाच्याच घरी लागेना. बायकांनी दुधात लिंबू पिळलं, चिंच टाकली, मिरचीचे देठ टाकले. दूध फाटलं, पण दही झालं नाही. शेजारच्या गावाहून विरजण आणलं, ते वेशीच्या आत आल्याबरोबर पाणी झालं. दही नाही म्हणून ताक नाही, ताक नाही म्हणून लोणी नाही, आणि तूप तर नाहीच नाही.

मग गुरवाने देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली आणि विचारलं, आई, गावात कुठे जिवंत विरजण उरलंय का? उजवं फूल पडलं. उजवं म्हणजे हो. लोकांनी चाळीस घरं धुंडाळली, काही मिळालं नाही. गुरवाने पुन्हा विचारलं, पुन्हा उजवंच. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही उजवं पडलं, आणि जरा जोरातच पडलं.

देवी चुकणार नाही आणि गाव तर चुकतच नाही. मग राहिलं कोण? नवी सून. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, हिचा पायगुणच आंबट नाही. भिवराबाईंनी ते तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी सगुणाला सांगितलं की पुनवेपर्यंत वाट बघू, दही लागलं तर ठीक. नाहीतर पुनवेच्या सकाळी धोंडू तुला गाडीत घालून माहेरी सोडेल आणि आणायला कुणी येणार नाही. धोंडू म्हणजे सगुणाचा नवरा. तो तिथेच दोरखंड वळत बसला होता. त्याने दोरखंड आणखी घट्ट वळला.

सगुणाच्या माहेरी आई नव्हती. भावजया होत्या.

मग सगुणाने वाटी घेतली आणि निघाली घाटाच्या तोंडाशी.

ठमा म्हातारीची झोपडी केवढी? बसलं तरच डोकं मावेल एवढी. दारात एक शेळी. चुलीशेजारी एक मडकं, मुठीएवढं. पण घाट उतरून जो जो येई, दगड फोडणारे येत, मेंढरंवाले येत, देवाला निघालेले येत, तो तो तिथे टेकायचा आणि पोटभर ताक पिऊन पुढे जायचा. एवढ्याशा मडक्यातलं ताक सगळ्यांना कसं पुरायचं, ते म्हातारीने कधी बघितलं नव्हतं. तिला वेळच नव्हता.

सगुणाने सगळं सांगितलं. म्हातारी तिच्याकडे बघेचना, वाटीकडे बघत राहिली.

"बारा वर्षांनी आली वाटी," एवढंच म्हणाली, आणि पळीभर विरजण घातलं.

भिवराबाईंना फार आनंद झाला. त्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आपलं एकटीचं दही लागलं तर राजाकडे जाणारं तूप सगळं आपलंच, असा त्यांचा बेत. सात गाडगी विरजली. सकाळी बघतात तर दूध होतं तसं.

दोन दिवसांनी सगुणा पुन्हा गेली. म्हातारीने पुन्हा पळीभर दिलं, काही विचारलं नाही. या खेपेला भिवराबाईंनी मन मोठं केलं. घरोघरी थेंबथेंब विरजण धाडलं आणि वाट्या परत यायची वाट बघत बसल्या. संध्याकाळपर्यंत गूळ आला, खोबरं आलं, एका घरून खारीक आली. फळी भरून गेली. सकाळी चाळीसही घरी दूध होतं तसं.

मग उरला पुनवेचा आदला दिवस. सगुणा तिसऱ्यांदा गेली. पण म्हातारीची शेळी आटली होती, आणि विरजण तर गावभर वाटून झालेलं. म्हातारीने मडकं कलतं केलं, करवंटीच्या तुकड्याने बूड खरवडलं. वाटीत काय आलं? नखभर.

"एवढंच आहे बाई," म्हातारी म्हणाली. "जपून ने."

सगुणा पदराखाली वाटी धरून निघाली. थोडं खाली आली तर चिंचेखाली एक बाई बसलेली. घाटात खडी फोडणारी असावी, हात तसेच होते. मांडीवर लेकरू. लेकराला ऊन लागलं होतं, पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. बाईने विचारलं, ताकवाल्या म्हातारीचं घर अजून किती लांब आहे. ताक मिळालं तर पोर वाचेल म्हणाली.

ताकवाल्या म्हातारीच्या मडक्याचं बूड सगुणाच्या वाटीत होतं.

ती थोडा वेळ उभी राहिली. थोडा म्हणजे बराच. सूर्य चिंचेच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला, एवढा वेळ. मग ती खाली बसली, बाईच्या फडक्यातल्या भाताचं उरलेलं एक ढेकूळ घेतलं, वाटीत कालवलं आणि लेकराला बोटाबोटाने भरवलं. लेकराने खाल्लं. पोटात ठरलं. त्याने वाटीही चाटून दिली.

बाई वाटी हातात घेऊन बसून राहिली. रिकामी वाटी परत करायची नाही हे तिलाही ठाऊक होतं. फडक्यातला भात तर संपला होता. मग तिने लेकराच्या गळ्यातला काळा मणी सोडायला घेतला.

सगुणा म्हणाली, "राहू दे. रिकामीच दे."

उतरणवाडीच्या शिवेत ही गोष्ट कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

घरी भिवराबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी वाटीत बघितलं. मग सगुणाकडे बघितलं. मग पुन्हा वाटीत.

"या घरात आजवर रिकामी वाटी आली नव्हती," त्या म्हणाल्या. "तीही तूच आणलीस."

बाहेर धोंडू गाडीच्या आसाला वंगण लावत होता. लावून झालं होतं, तरी लावत होता.

सगुणाने ती वाटी विसळलीसुद्धा नाही. संध्याकाळच्या धारेचं कोमट दूध तिच्यात ओतलं, वर ताटली झाकली आणि चुलीच्या उबेला ठेवून दिलं. मग आपलं गाठोडं बांधलं. दोन लुगडी होती, फार वेळ लागला नाही.

पुनवेची सकाळ झाली. गाडी जुंपली. भिवराबाई वाटी फेकायला म्हणून उचलायला गेल्या, ताटली काढली आणि तशाच राहिल्या. मग त्यांनी वाटी उपडी केली. दही पडेना. हलवली, तरी पडेना. तिसऱ्यांदा चांगली आपटली, तेव्हा पडलं एकदाचं, आणि पडलं तरी वाटीचा आकार सोडीना. असलं घट्ट दही, की सुरीने कापावं.

भिवराबाईंनी घाईघाईने आपल्या घरची धरून चाळीस वाट्या मांडल्या. सगुणाने शेजारी आणखी एक मांडली. मग दाराशी ठेवलेलं गाठोडं उचललं, हातात धरलं आणि म्हणाली, "आत्याबाई, वाट्या रिकाम्या परत घ्यायच्या असतील तर मी वाटते."

भिवराबाईंनी फळीवरच्या गुळाकडे बघितलं, खारकेकडे बघितलं. मग दह्याकडे बघितलं आणि हो म्हणाल्या.

ज्या घरांनी वाटी रिकामी परत दिली त्यांचं दही त्याच दिवशी लागलं. तिघींना राहवलं नाही, त्यांनी वाटीत चिमूटभर साखर घातलीच. त्यांचं दूध आणखी एक रात्र दूधच राहिलं. मग त्यांनाही समजलं.

एकेचाळिसावी वाटी भिवराबाई स्वतः घेऊन गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. ठमा म्हातारीने दही मडक्यात काढून घेतलं आणि वाटी परत दिली. वाटीत काही नव्हतं. भिवराबाई ती दोन्ही हातांनी सरळ धरून, सांडेल की काय अशा बेताने घरापर्यंत घेऊन आल्या.

आणि जुंपलेली गाडी? बैल उगाच कशाला सोडायचे म्हणून धोंडूने तिच्यात ताकाचे दोन डेरे ठेवले आणि घाटात खडी फोडणाऱ्यांकडे नेले. मग रोजच न्यायला लागला. राजाकडे जाणारं तूप त्यामुळे जरा कमी झालं. राजाला पत्ताही लागला नाही.

भिवराबाई पुढे जन्मभर सांगायच्या, सुनेचा पायगुण मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. सगुणा ऐकून घ्यायची. ती बोलायची कमीच.

तर अशी ती माणसं दहीभात खाऊन सुखात राहिली. आता तुम्हीही कुशीवर वळा आणि डोळे मिटा. सकाळी कुणीतरी शेजारी वाटी पोचवायची आहे. परत येताना तिच्यात काय आहे, ते मी बघणार नाही.