कामाच्या वेळेचं कुलूप

सोलापुरात धनराजशेठच्या कारखान्यात बायका शाळेचे गणवेश शिवत. कापड चोरीला जाऊ नये म्हणून काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप असे. एका दुपारी चिंध्यांना आग लागली. पहारेकरी चहाला गेला होता. तो किल्ली घेऊन धावत येईपर्यंत शिलाई करणारी यल्लूबाई धुरात गुदमरून गेली.

तेरावं झाल्यावर बायकांनी संघटना बांधली आणि त्यांच्यातल्याच नरसूबाई गुर्रम यांना पुढे केलं. मागणी एकच होती, दार उघडं ठेवा. शेठ समजूत घालायला कारखान्यात आले. नरसूबाईंनी पहारेकऱ्याला सांगितलं, "कामाची वेळ आहे. रोजच्यासारखं कुलूप लाव."

बाहेर कुलूप लागलं. शेठ बोलू लागले, "हे कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे." पण त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, "आधी दार उघडायला सांगा. माझा जीव घाबरतोय."

नरसूबाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, अजून तर आग लागलेलीही नाही."

शेठ दाराशी गेले. मग त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारून दार उघडायला लावलं आणि काढलेलं कुलूप स्वतःच्या खिशात घालून ते निघून गेले. त्या दाराला ते पुन्हा लागलं नाही.