रंगाआधी काच

घाटमाथ्यावरच्या करंजमाळ गावात कौसल्या उतेकर नावाची एक बाई राहत होती. तिच्याकडे एक जुनी, लहानशी गाडी होती. तिच्यातून ती गावातल्या लोकांना घाट उतरून तालुक्याला नेई आणि संध्याकाळी परत आणी. नवरा मुरलीधर स्ट्रॉबेरीचा छोटासा मळा बघे. दोघांचं बरं चाललं होतं.

गाडी कामाला चोख होती, पण दिसायला गरीब. दारांचा रंग उडाला होता. छतावर पोपडे आले होते. हिवाळा आला की त्या भागात पर्यटक येत आणि फाट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांतून एक निवडून डोंगर बघायला जात. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब कौसल्येच्या गाडीपाशी आलं. बाईने गाडी खालून वर न्याहाळली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "ही नको. दुसरी बघा, जरा बरी."

ती हळू बोलली होती, तरी कौसल्येला ऐकू गेलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही. गाठीला थोडे पैसे होते. तिने ठरवलं की हिवाळ्याची गर्दी वाढण्याआधी गाडीला नवा रंग द्यायचा. लाल, लांबूनही उठून दिसेल असा.

तालुक्याला उस्मानभाई मुलाणींचं गॅरेज होतं. ती नवऱ्याला घेऊन तिथे गेली. उस्मानभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर झिजून गुळगुळीत गोटा झाले होते, वायपरचं रबर फाटलं होतं. ते त्यांनी तिला दाखवलं आणि विचारलं, "ताई, एवढ्या पैशांत एकच काहीतरी होईल. रंग की टायर?"

"रंग," कौसल्या म्हणाली. सोमवारी गाडी आणून सोडायची असं ठरलं.

परतताना घाटात त्यांना मोसमातलं पहिलं धुकं लागलं. आधी दरी दिसेनाशी झाली, मग रस्ता. काच बाहेरून दवाने आणि आतून श्वासाच्या वाफेने आंधळी झाली. वायपर फिरला की पाणी पुसलं जाण्याऐवजी पसरत होतं. वळणावर थांबावं तर मागून येणारी गाडी धडकायची भीती.

शेवटी मुरलीधर खाली उतरला. खांद्यावरचा पांढरा टॉवेल त्याने पाठीवर पसरला आणि तो गाडीच्या पुढे चालू लागला. कौसल्या दारातून डोकं बाहेर काढून त्या टॉवेलवर नजर ठेवत गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेत होती. एका वळणावर धुक्याचा लोट आला आणि टॉवेल दिसेनासा झाला. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ओल्या रस्त्यावर ते गुळगुळीत टायर घसरत गेले. गाडी उभी राहिली तेव्हा मुरलीधरचा हात बॉनेटवर टेकलेला होता.

मग तो पुन्हा पुढे चालू लागला.

घरी आल्यावर त्याने चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. कौसल्या उंबऱ्यात बसून राहिली. हिवाळाभर याच रस्त्याने गावातली माणसं तिच्या भरवशावर खाली जाणार होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"रंग राहू दे," ती म्हणाली.

"बरं," मुरलीधर म्हणाला, आणि त्याने चहाची कपबशी तिच्या हातात दिली.

सोमवारी ती गॅरेजला गेली, ती वेगळ्याच कामासाठी. नवे टायर घेतले तर बाकीचं झेपत नव्हतं, म्हणून उस्मानभाईंनी वापरलेले पण नक्षी शाबूत असलेले टायर शोधून बसवले. वायपर नवे घातले. मागचे लाल दिवे मिणमिणते होते, त्यांचे बल्ब बदलले. बॅटरी अजून चांगली होती. तिच्या टोकांवर साचलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुतली, एवढ्यावर भागलं.

बाकीचं तिने घरीच केलं. काचेला आतून अंगाचा साबण चोळून कोरड्या फडक्याने पुसला की वाफ धरत नाही, हे तिला उस्मानभाईंनी सांगितलं होतं. तसं ती दर दोन-चार दिवसांनी करू लागली. धुक्यात उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून समोरच्या दिव्यांवर तिने पिवळा पारदर्शक कागद चिकटवला. रात्रीच्या थंडीत इंजिन गारठू नये म्हणून मळ्यातली जुनी गोणपाटं शिवून गाडीसाठी पांघरूण केलं. मुरलीधरने चाकामागे लावायला लाकडाचा ठोकळा तासून दिला. डिकीत एक घोंगडी आणि हातातली विजेरी ठेवली.

गावात थोडं हसं झालं. शेजारी दिगंबर शेलार राहत होता. त्याची मोठी, चकचकीत जीप होती आणि त्या जीपचा त्याला अभिमान होता. माणूस मनाने वाईट नव्हता, पण थट्टेखोर होता. गोणपाटात गुंडाळलेली गाडी बघून त्याने विचारलं, "वहिनी, गाडीला ताप आला का?"

कौसल्याही हसली. पण पर्यटक फाट्यावर येत आणि तिची गाडी सोडून जीपमध्ये बसत, तेव्हा तिला हसू येत नसे. एकदोनदा तिच्या मनात आलंच की आपण रंगच द्यायला हवा होता.

जानेवारीत एका सकाळी गाव कापसात ठेवल्यासारखं झालं. अंगणातली तुळससुद्धा दारातून दिसेना. मळ्यातल्या पानांवर दव गोठून पांढरं पडलं होतं. तालुक्याहून येणारी पहिली एसटी आलीच नाही. कौसल्येने गाडी काढायचा विचार सोडला आणि ती भाकऱ्या थापायला बसली.

तेवढ्यात दिगंबर दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

त्याचं रक्त फार क्वचित सापडणाऱ्या गटाचं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात त्याचं नाव लिहिलेलं होतं आणि तिथून आत्ताच फोन आला होता. पहाटे एक बाई बाळंत झाली होती. रक्तस्राव थांबत नव्हता. तिला हेच रक्त हवं होतं. शहरातून मागवलेलं रक्त धुक्यात अडकून पडलं होतं. ती बाई दिगंबरच्या ओळखीची नव्हती. तरी तो लगेच जीप घेऊन निघाला होता.

पण जीपच्या सगळ्या काचांवर त्याने हौसेने काळी फिल्म लावून घेतली होती. आणि टपावर प्रखर पांढरे दिवे. धुक्यात तो उजेड उलटून त्याच्याच डोळ्यांवर आला. दुसऱ्या वळणावर चाक कठड्याला घासलं, तेव्हा तो जीप तिथेच लावून चालत परत आला होता.

"वहिनी, मला काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्ही न्याल का?"

कौसल्येने तव्यावरची भाकरी उतरवली. तिला भीती वाटत होती. टॉवेल दिसेनासा झाला होता ती वेळ ती विसरली नव्हती. पण खाली कुणीतरी बाई या माणसाची वाट बघत होती.

"दिसेल तेवढंच जाऊ, दिगूभाऊ," ती म्हणाली. "पण जाऊ."

मुरलीधरने गोणपाट ओढून काढलं. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. काच स्वच्छ होती. पिवळा उजेड फार लांब जात नव्हता, पण रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दाखवत होता. तेवढी एक रेघ धरून कौसल्या निघाली. खिडकी बोटभर उघडी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावर हॉर्न. टायर रस्ता धरून होते. दिगंबर एकदा म्हणाला की जरा भरभर गेलं तर बरं. तिने नकारार्थी मान हलवली आणि वेग तोच ठेवला.

अर्ध्या घाटात पुढे लाल दिवे दिसले. पाच-सहा गाड्या एकामागे एक थांबल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी नव्या कोऱ्या होत्या. आतली माणसं घाबरून बसली होती. पुढे जायची कुणाची हिंमत नव्हती, आणि त्या अरुंद रस्त्यावर मागे वळता येत नव्हतं. दिगंबर विजेरी घेऊन उतरला आणि त्याने कौसल्येच्या गाडीला बाजूने वाट काढून दिली. पुढे जाता जाता ती प्रत्येक खिडकीपाशी थांबली आणि एकच सांगत गेली, "माझे मागचे दिवे बघत या. जवळ येऊ नका, पण नजर सोडू नका."

मग ती लहानशी, पोपडे आलेली गाडी पुढे आणि त्या सगळ्या गाड्या मागे, अशी रांग घाट उतरू लागली. एकही वाहन कुठे घासलं नाही. घाट संपला तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. कौसल्येने हात बाहेर काढून हलवला. ती थांबली नाही, थेट दवाखान्याच्या दारात गेली.

दिगंबरने रक्त दिलं. दोघंही बाकावर बसून राहिले. दुपारी एक तरुण बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते, पण तो हसत होता. बायको शुद्धीवर आली होती. तिने बाळाला जवळ घेतलं होतं. तो दिगंबरच्या पाया पडायला वाकला. दिगंबरने त्याला अर्ध्यावर धरलं आणि कौसल्येकडे वळवलं.

"माझं रक्त तर घरीच होतं," तो म्हणाला. "इथवर आणलं यांनी."

परत जाताना ऊन पडलं होतं. सगळी दरी लख्ख दिसत होती. दुसऱ्या वळणावर जीप उभी होती. दिगंबर उतरला आणि दार धरून घुटमळला.

"वहिनी, ती काळी फिल्म खरवडायची आहे. मला जमेल का?"

"जमेल की," कौसल्या म्हणाली. "मी साबण आणि फडकं घेऊन येते."

तात्पर्य: लोकांना आपण कसे दिसतो त्याआधी, आपल्याला वाट कशी दिसेल ते बघावं; ज्याने स्वतःची काच स्वच्छ ठेवली, त्याच्या मागून चार जण सुखरूप उतरतात.