गाडी हलकी झाली

“पण ही हाक मारतंय कोण, बाबा?”

रंगनाथने हे ओरडून विचारलं. ओरडण्यावाचून इलाज नव्हता. त्याची गाडी फकिराच्या तकियाच्या पायऱ्यांशी उभी होती आणि चालूच होती.

करीमशा बाबांनी कानामागे हात धरला. “आधी गाडी बंद कर.”

“बंद नगं बाबा. आजच कार्बोरेटरचा जेट बदललाय, बंद केली की लवकर चालू होत न्हाई. आन् आवाज तरी ऐका की तिचा!”

बाबांनी ऐकला. न ऐकून सांगतात कुणाला? चिंचेवरचे बगळे तर कधीच उडून गेले होते.

गाडी तीनचाकी होती. पुढून मोटारसायकल, मागे दोन चाकांवर ताडपत्रीचा टप घातलेली, मागून फळीने बंद होणारी बैठक. रंगनाथचे वडील अर्धांगवायूने उजव्या बाजूला लुळे पडले, तेव्हा त्याने ती घराच्या ओट्यापुढे स्वतःच्या हाताने बांधली होती. रोज दुपारी तो आण्णांना खिंडीपलीकडे मालिशवाल्याकडे नेई आणि दिवेलागणीला परत आणी. बापावर त्याचा जीव होता, हे गावात कुणीही सांगितलं असतं.

पण चढावर गाडी धापा टाकायची. पायी चालणारे पुढे निघून जायचे आणि वळून हसायचे. ते हसणं रंगनाथला लागलं. बापावरचा जीव त्याच्या नकळत गाडीवर सरकला.

“लोक म्हनायचे, ही घाट चढली तर बाप दाखव, न्हाईतर श्राद्ध कर. आज दाखवलं!” तो म्हणाला. “आठ दिसांमागं सायलेन्सरचं पोट कापलं. आतले पडदे काढून टाकले, सरळ पाइप घातला. एअर फिल्टरचा डबा फेकून दिला, हा उघडा फिल्टर बसवला. मोकळा श्वास घेती, मोकळा सोडती.”

“घरीच केलंस?”

“समदं घरी. वेल्डिंगसुदिक. नवा पाइप जाड, त्याला मागच्या फळीची कडी आड येत हुती. ग्राइंडरनं उडवली. फळी तारेनं बांधलीय सध्या. नवी कडी लावीन सवडीनं.”

“पाइप आधी... आणि कडी सवडीनं?”

“कडीनं घाट चढत न्हाई बाबा!”

बाबा हसले नाहीत. रंगनाथ मात्र मनमुराद हसला. मग त्याचं हसू एकाएकी ओसरलं.

“पाइप घातल्यापास्नं हाक येती,” तो म्हणाला. “खाली खिंडीत. दिवे लागायच्या वक्ताला. मागनं. ‘रंगाऽ’ म्हणून.”

“आवाज कुणाचा?”

रंगनाथने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. गाडीपुढे तो कुणालाच ऐकू जाईना, म्हणून पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

“आण्णांचा! पर आजाराआधीचा. खणखणीत. पहिल्या दिवशी मी गाडी थांबवली, मागं जाऊन बघितलं, तर आण्णा डुलक्या घेत हुते. म्हनले, मी न्हाई मारली. त्यांच्या जिभेला आता ‘रंगा’ म्हनायला किती येळ लागतो, म्हाईत हाय ना तुम्हाला?”

“मग?”

“मग त्यांनीच बजावलं, खिंडीतल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. मानूस असंल तर पुन्ना हाक मारंल. दुसरं काही असंल तर एकदाच मारतं, आन् ओ दिली की सोबत घरी येतं.”

“खरं आहे. आमच्यातही तसंच सांगतात...” बाबा थांबले. “पुन्हा आली का कधी? दुसरी?”

“येऊच देत न्हाई. पहिली आली की मूठ पिळतो. एकदा ही गरजली की मागचं काय ऐकू येतंय?”

बाबांनी मान वळवली. खाली खिंडीत अंधार भरायला लागला होता. वर तकियावर अजून उजेड होता.

“आज?”

“आज बी आली. पर आज...” रंगनाथने कपाळ पुसलं. “आज खणखणीत नव्हती. जड वाटली. जीभ लुळी पडल्यासारखी.”

बाबांची नजर टपाकडे गेली.

“पर गंमत ऐका ना बाबा! मी मूठ पिळली, आन् तितंच गाडी अशी हलकी झाली म्हनता! फुलावानी. तिथनं हितवर चढ लागलाच न्हाई. जेट बरोबर बसला बघा.”

माणसाला आवडतं तेच उत्तर आधी सुचतं. रंगनाथ काही जगावेगळा नव्हता.

बाबा उठले. गुडघ्यांमुळे ते सहसा कुणासाठी उठत नसत. त्यांनी रांजणातून वाटीभर पाणी घेतलं.

“आण्णांना तहान लागली असेल.”

“ऱ्हाऊ द्या, झोपल्यात वाटतं. आज लई गप हायेत. मला तेवढा ताईत द्या, म्हंजे आमी निघतो. म्हाताऱ्याच्या जिवाला ह्या हाकेचा ताप नगं, एवढ्यासाठीच आलोय मी.”

हे तो मनापासून बोलला. त्याला खरंच बापासाठी ताईत हवा होता.

बाबा वाटी घेऊन टपाच्या मागे गेले.

ते परत आले तेव्हा वाटी भरलेलीच होती.

“झोपलेत ना?”

बाबांनी वाटी पायरीवर ठेवली. ते गाडीपाशी वाकले, आणि उघड्या फिल्टरच्या तोंडावर त्यांनी आपला तळवा दाबून धरला.

गाडी कचरली. दोनदा उचकी दिली. बंद पडली.

एवढ्या गर्जनेनंतर आलेली शांतता भयंकर होती. कानात नुसतं घूं होत राहिलं. मग तेही विरलं. गरम पाइप टिकटिक करत निवत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

आणि मग खालून आवाज आला. खिंडीतून.

“रं...गा...”

रंगनाथ टपाकडे वळला.

“आण्णा, ऐकलंत का? हीच ती! हीच...”

टपातून कुणी बोललं नाही.

“आण्णा?”

तो मागे गेला. फळी खाली लोंबत होती. बांधलेली तार पाइपाला टेकून काळी पडली होती, आणि मधोमध तुटली होती. आत गादी होती. काठी होती. एका पायाची चप्पल होती.

रंगनाथने फळी धरली. ती अजून ऊन होती. त्याने सोडली नाही.

“बाबा...”

बाबा जवळ आले.

“बाबा, ती हाक... ती आण्णांची हाय का त्या दुसऱ्याची? तो बी आण्णांच्याच आवाजात मारतो... मी ओ दिली, आन् ते आण्णा नसले तर?”

रंगनाथने तोंड उघडलं. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आठवलं. तोंड मिटलं. पाय रस्त्याकडे वळले आणि तिथेच थांबले. त्याला रडू फुटलं, तेही आवाज न करता, कारण ऐकायचं होतं.

“मघाची मोजायची न्हाई, ही पहिलीच हाय,” तो पुटपुटला. “मानूस असंल तर पुन्ना मारंल. आण्णांनीच सांगितलंय. पुन्ना येऊ दे... आली की लगेच...”

दोघं ऐकत राहिले.

खिंडीत आता काही दिसत नव्हतं. वारा पडला होता. बगळे परत येऊन चिंचेवर बसले, त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

पुन्हा हाक येईना.

बाबांनी पाण्याची वाटी उचलली आणि रंगनाथच्या हातात दिली.

“तू मोजलेली पहिली, बेटा... मारणाऱ्याची कितवी?”