गुळव्याचे डोळे

"डोळे दाखवायला गेलो, तर रक्त कशाला बघायचं, बाबा?"

भैरू गुळव्या बसायच्या आधीच बोलायला लागला होता. चिंचेच्या सावलीत जमालशा फकीर बसला होता. मांडीवर सुरम्याची डबी. या सुरम्यासाठीच भैरू तीन कोस चालत आला होता.

"डॉक्टर म्हणतो, रक्तात साखर झालीय, ती डोळ्यांचा पडदा खातीय. अहो, मी गुळाचा माणूस! साखरेला शिवत पण नाही."

फकीर हसला. "आणि गुळाला?"

"बोट चाटल्याबिगर पाकाची एक काहील उतरवत नाही. तीस वर्षं झाली." मग भैरूचा आवाज उतरला. "पण आता पाकात मधोमध काळा डाग दिसतो. काठ दिसतो, मधलं दिसत नाही. परवा सगळ्यांदेखत काहील करपली. मालक म्हणाला, अजून एक गेली तर दुसरा गुळव्या बघतो…"

भैरू पुढे सरकला.

"सुरमा घाला, बाबा. बाकी मी घोड्यागत आहे. हे पाय बघा. चुलवाणाच्या जाळापाशी अनवाणी उभा राहतो. नव्या गड्यांना चटके बसतात, मला कळत सुद्धा नाही. विस्तव वळखतो मला!"

फकिराने डबी उघडली. सुरम्याची सळई हातात घेतली, आणि तो थांबला. भैरूच्या पायांकडे बघत राहिला.

ऐन दुपार होती. वारा पडलेला. चिंचेचं पान हलत नव्हतं.

"भैरू, तुझ्या पायावर काय आहे?"

भैरूने वाकून पाहिलं. मधोमध तोच डाग. डागाच्या कडेने माती, वाळकी पानं.

"काय नाही की."

फकिराने त्याचा हात धरला. हळूच नेऊन त्याच्याच पावलावर ठेवला.

भैरूला वाटलं, कातडीच चालतेय.

बोटांखालून बारीक बारीक काही सरकत होतं. टाचेकडून अंगठ्याकडे. पुष्कळ. अजिबात घाई नसलेलं. अंगठ्याच्या बुडाशी ओल लागली. भाजल्याची जखम होती, चांगली खोल. कधी झाली, त्याला ठाऊक नव्हतं.

मुंग्या.

हाताला कळत होतं. पायाला काहीच नाही… कुणा दुसऱ्याच्याच पायावर हात ठेवावा, तसं.

"कधीपासून आहेत?" भैरूने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"तू बसलास तेव्हापासून."

फकिराने सळई डबीत ठेवली. झाकण लावलं.

"सुरमा नाही घालणार?"

"डॉक्टरकडे जा. आत्ताच ऊठ."

पाय झाडायला भैरूने हात उगारला. म्हाताऱ्या फकिराने तो वरच्यावर धरला, अगदी मायेने.

"नको झटकू, लेकरा. लांबून आल्यात… तुला सांगायला."