रांजणातला नागरिक

फार जुन्या काळी ग्रीस देशात, समुद्राकाठी एक नगर होतं. गंमत बघा, त्या नगराला राजाच नव्हता. लढाई करायची, विहीर खणायची, काहीही असो, सगळे नागरिक टेकडीवर जमायचे आणि हात वर करून ठरवायचे. नागरिक म्हणजे पुरुषच बरं का. बायकांना नि दासांना तिथं बोलायची मुभा नव्हती.

पण सभेचा दिवस आला की कुणाची पाठ दुखायची, कुणाकडे पाहुणे यायचे. म्हणून नगरानं एक युक्ती काढली. दोन शिपाई ओल्या लाल रंगानं माखलेला लांब दोर ताणून बाजारातून निघायचे आणि रेंगाळणाऱ्यांना गुरांसारखं टेकडीकडे हाकायचे. ज्याच्या कपड्याला लाल डाग लागला, त्याची गावभर शोभा.

लाम्पोन कुंभाराला मात्र कधी डाग लागला नाही. दोर दिसला की स्वारी आपल्याच मोठ्या रांजणात उतरायची आणि वर झाकण ओढून घ्यायची.

"अहो, मला हात वर करायची मुभा असती, तर मी पहाटेच टेकडीवर जाऊन बसले असते," त्याची बायको मिर्टो म्हणायची. "तुम्हाला मुभा आहे, नि तुम्ही रांजणात बसता!"

"अगं, माझ्या एका हातावाचून कुणाचं काय अडलंय?"

एके दिवशी सभा उठली आणि दवंडी आली. नदीकाठची मातीची दरड थ्रासिप नावाच्या बड्या जमीनदाराला द्राक्षमळ्यासाठी दिली होती. सभेला त्याचेच मित्र तेवढे हजर होते. अख्खी कुंभारआळी त्या मातीवर जगत होती. आता तिथं पाऊल ठेवायची बंदी!

लाम्पोन भडकला. "आमची माती, आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही?"

"विचारायला दोर आला होता की दारात," मिर्टो म्हणाली.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. भट्टी विझली तर पोरंबाळं खाणार काय? एकच वाट होती. ठराव चुकला असं वाटलं, तर दुसऱ्या दिवशी सभा बोलावून तो फिरवता यायचा. मागणाऱ्यानं मात्र सगळ्यांसमोर उभं राहायला हवं. उद्या टेकडीवर या, असं सांगत लाम्पोन संध्याकाळभर दार न दार ठोठावत फिरला.

सकाळी टेकडी गच्च भरली. "कुणाला बोलायचंय?" असा पुकारा झाला. लाम्पोन उठला.

थ्रासिपनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काल कुठं होतास रे कुंभारा?"

आजारी होतो, असं म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. लाम्पोननं ते गिळलं.

"रांजणात लपलो होतो," तो म्हणाला.

टेकडी खदखदून हसली. त्याचे कान तापले, पण तो खाली बसला नाही. "हसा. आणि हसून झालं की सांगा, तुम्ही कुठं होतात?"

हसणारे आपापल्या चपलांकडे बघू लागले. कुणी भट्टीमागं होता, कुणी गोठ्यात, कुणी पांघरुणात.

"माझं चुकलं. काय द्यायची ती शिक्षा मला द्या. पण माती सगळ्या नगराची आहे. आणि मालक, द्राक्षं तुम्ही पिकवाल हो. रस काय ओंजळीत भरून ठेवणार?"

आता थ्रासिपचे मित्रसुद्धा हसले.

मग पुन्हा पुकारा झाला, "दरड नगराचीच राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

आणि हात वर झाले. चिखलानं भरलेले, मासळीचा वास येणारे, कातडी कमावून काळवंडलेले. इतके, की मोजणाऱ्यानं मोजणंच सोडून दिलं. थ्रासिपनं इकडं तिकडं पाहिलं आणि मुकाट्यानं आपलाही हात वर केला.

कुंभारांनी लाम्पोनला खांद्यावर घेतलं आणि नाचत, ओरडत थेट दरडीवर नेलं. मिर्टो आधीच तिथं माती खणत होती.

"बोललात म्हणे!"

"बोललो."

"मग उतरा खाली. चिखल तुडवायचाय."

तात्पर्य: ठरवायच्या वेळी जो लपून बसतो, त्याचं भलंबुरं दुसरेच ठरवतात, पण आपली चूक कबूल करून जो चारचौघांत उभा राहतो, त्याच्यामागं सारं नगर उभं राहतं.