मिठागरावरचा अर्धा डाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका; ज्यांना ठाऊक होतं ते केव्हाच गेले. मुलांनो, तुम्ही पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी कान इकडेच ठेवा, कारण ही गोष्ट जास्त करून तुमचीच आहे.

एका डोंगरावर एक विद्यालय होतं. राज्यभरातली मुलं तिथे शिकायला येत. शिकणं फुकट, जेवण फुकट, राहणं फुकट. आता फुकट म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणीतरी दिलेलं. असे देणारे शोधून काढायचं काम एका गुरुजींकडे होतं. वर्षाचे आठ महिने ते खांद्याला झोळी अडकवून गावोगाव हिंडत आणि मोठमोठ्या धनवंतांकडे विद्यालयासाठी दान मागत. लोक त्यांना झोळीवाले गुरुजी म्हणत.

मागणं सोपं नसतं, बरं का! गुरुजी लांबून दिसले की बरेचसे शेठ घरात बसल्या बसल्या परगावी जात. जे भेटत, ते गुरुजींच्या तोंडाकडे न बघता झोळीकडे बघत. दमूनभागून डोंगरावर परत यावं, तर सोबतचे शिक्षक विचारत, "या खेपेला काय आणलंत?" कसे आहात, असं कोणी विचारत नसे. गुरुजींना बायको नव्हती, मूल नव्हतं. शेकडो घरांचे उंबरे त्यांना पाठ होते, पण त्यांतला एकही त्यांचा नव्हता.

विद्यालयाचा एक जुना नियम होता. ज्या घराने मोठं दान दिलं, त्या घरी मागणाऱ्याने पुन्हा पाऊल टाकायचं नाही. देणाऱ्याचं नाव दगडावर कोरायचं, तो दगड भिंतीत बसवायचा आणि पुढच्या घराकडे वळायचं. देणाऱ्याला सारखा सारखा त्रास नको, म्हणून कुणा भल्या माणसाने हा नियम घालून दिला होता. गुरुजींना त्या नियमाचा फार अभिमान होता.

खाडीकाठी एक मीठवाले शेठ राहत. चार मिठागरं, अकरा गलबतं आणि एवढ्या मोठ्या घरात हा एकटा जीव. बायको कधीच वारली होती. मुलगे गलबतांतून परमुलखात गेले, ते तिकडचेच झाले.

गुरुजी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा कार्तिक महिना होता. पाऊस संपून मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला नुकती सुरुवात झाली होती. शेठनी झोळीकडे पाहिलंही नाही.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

गुरुजी गोंधळले. या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

शेठनी स्वतः कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी वाढली. मग सारीपाट मांडला. खेळता खेळता गुरुजी डोंगरावरच्या मुलांच्या गमती सांगू लागले. एक मुलगा झोपेतही पाढे म्हणायचा आणि सतरावर अडकला की दचकून उठायचा. ते ऐकून शेठ इतके हसले की फासे हातातून पडले. एवढ्यात खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीची वेळ झाली. निघता निघता गुरुजींनी दानाचा विषय काढला.

"पुढच्या कार्तिकात बघू," शेठ म्हणाले. "सोंगट्या अशाच राहू देतो. उरलेला डाव तेव्हा खेळू."

असे सात कार्तिक गेले. दरवर्षी जुना डाव पुरा व्हायचा, नवा सुरू व्हायचा आणि अर्ध्यावर राहायचा. दरवर्षी शेठ म्हणायचे, पुढच्या कार्तिकात बघू. बाकीचे शिक्षक हसत. "मीठवाल्याकडून दान? दगडातून तेल काढा त्यापेक्षा!" गुरुजीही वरवर कुरकुर करत. पण खरं सांगू? वर्षभर ते त्या एका दिवसाची वाट बघत.

आठव्या वर्षी वैशाखात वादळ झालं. विद्यालयातल्या मुलांच्या राहत्या झोपड्यांची गवती छपरं उडून गेली. दोनशे मुलं घरी परतली, त्यांतली निम्मी पुन्हा आलीच नाहीत. विद्यालयाच्या प्रमुख आचार्यांनी गुरुजींना बोलावून सांगितलं, "दगडी वसतिगृह झालं नाही, तर पुढच्या वर्षी शिकवायला मुलंच नसतील."

त्या कार्तिकात गुरुजींनी फाशांना हात लावला नाही. जे घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं.

"तो सतराच्या पाढ्यावाला?" शेठनी विचारलं.

"तोही घरी गेला, परत आला नाही."

शेठनी हातातले फासे पटाशेजारी ठेवले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमचा नियम मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून तर इतकी वर्षं नाही म्हणत आलो. वसतिगृह मी बांधून देतो. पण खरं सांगा, दिल्यानंतर याल का?"

"येईन, शेठ. न येऊन कसं चालेल? डाव अर्धा राहिलाय."

"आणि पाळी तुमची आहे. विसरू नका."

वसतिगृह उभं राहिलं, आणि भक्कम उभं राहिलं. मुलं परत आली. शेठचं नाव कोरलेला दगड दाराशेजारी बसला.

पुढच्या कार्तिकात गुरुजी खाडी ओलांडून रस्त्याच्या फाट्यावर आले आणि थबकले. डावीकडे शेठचं घर, उजवीकडे दुसरं गाव. नियम आठवला. शिवाय मनात आलं, झोळी घेऊन पुन्हा गेलो तर शेठला वाटेल, याचं पोट भरलेलं नाही, आणखी मागायला आला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते उजवीकडे वळले. त्या दिवशी त्यांना कोणीही जेवलात का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी उजवीकडे वळणं सोपं गेलं. तिसऱ्या वर्षी ते थबकलेही नाहीत.

पुढे गुरुजींचे गुडघे गेले. झोळी एका तरण्या शिक्षकाच्या खांद्यावर गेली. आता गुरुजी दिवसभर ओसरीवर बसून राहत. ज्यांच्यासाठी जन्मभर मागितलं, ते समोरून जात-येत, पण आता काय आणलंत एवढंही विचारायला कोणी थांबत नसे. काम सरो, वैद्य मरो! ही म्हण गुरुजींना तेव्हा कळली. आणि कळली तशी ती उलटीही कळली, कारण त्यांना एकदम शेठ आठवले. शेठशी ते स्वतः तसेच वागले होते.

ते काठी टेकत, होडीत बसून खाडीपलीकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा झोळीशिवाय.

शेठच्या अंगणात मिठागरातली एक म्हातारी कामकरीण झाडत होती.

"शेठ आहेत का?"

"शेठ गेले. दोन पावसाळे झाले." ती निरखून बघू लागली. "तुम्ही गुरुजी ना? झोळी नाही, म्हणून ओळखलं नाही."

तिने दार उघडलं. आत सारीपाट तसाच होता. सोंगट्या जिथल्या तिथे, आणि समोरासमोर दोन पाट.

"दर कार्तिकात दोन माणसांचं पिठलं करायचे," ती म्हणाली. "मी म्हणायची, निरोप धाडा की त्यांना. तर म्हणायचे, 'नको गं. निरोप धाडला तर त्यांना वाटेल, काहीतरी द्यायला बोलावतोय. मग ते झोळी घेऊन येतील. मला ते नुसते यायला हवेत.'"

गुरुजी आपल्या पाटावर बसले. फासे उचलले, टाकले, एक सोंगटी पुढे सरकवली. मग समोरच्या पाटाकडे बघत बसले. आता पाळी शेठची होती. गुरुजी लहान मुलासारखे रडले.

डोंगरावर परतल्यावर ते थेट आचार्यांपुढे उभे राहिले. "जन्मभर तुमच्यासाठी मागितलं. आज माझ्यासाठी मागतो. तो नियम मोडा."

आचार्यांनी नियम मोडला. तेव्हापासून दर कार्तिकात विद्यालयातली मुलं देणाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. झोळी न नेता जात, जेवत, गप्पा मारत आणि परत येत. पुष्कळ म्हातारी माणसं त्या दिवसाची वाट बघू लागली. फक्त खाडीकाठच्या त्या एका घरी वाट बघायला कोणी उरलं नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा: ज्याच्या दारी मागायला गेलात, त्याच्या दारी मागणं संपल्यावरही जा.