म्हैस कुणासाठी थांबली होती

चाकाचा शोध लागायच्या आधीची गोष्ट. तेव्हा रानातून शहरात कामाला जायचं तर आगगाडी म्हणजे गोम आणि बस म्हणजे म्हैस.

चिचुंद्रीबाई शहरात गोधड्या शिवायला जायच्या. म्हशीवर बसल्या की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू! "अगं, त्या सशाला लोळू दे की! किती थांबशील त्याच्यासाठी?" म्हैस शेपटी हलवायची आणि थांबायचीच. शेवटी वैतागून बाई गोमेनं जाऊ लागल्या. गोम वेळेची पक्की, बाई खूश.

महिनाभरानं एकदा त्यांची सुई बिळात राहिली. ती घेऊन येईपर्यंत गोमेचे शेवटचे पाय वळणाआड चालले होते. "थांब गं, थांब!" बाई ओरडल्या. गोमेनं वळूनही पाहिलं नाही.

धापा टाकत बाई सडकेवर आल्या. म्हैस जांभळीखाली उभीच होती. तिच्या पाठीवरून ससा ओरडत होता, "मावशी, महिना झाला, रोज इथे थांबतेस! नाही यायच्या त्या आता. चल की!"

"थांब रे जरा," म्हैस म्हणाली. "आज येतीलही."

बाई गुपचूप चढल्या. पुढे मुंगसासाठी म्हैस थांबली, तेव्हा त्या नुसत्या सरकून बसल्या.